दिवा कशानं विझला

आमच्या अण्णांना दोन गोष्टींचं भारी वेड होतं. एक जुन्या दगडांचं आणि दुसरं आईच्या मुरंब्याच्या बरणीचं. मुरंबा त्यांना आवडत नसे, बरणी आवडे. अण्णा वाशीमला शाळेत मास्तर होते. दर वर्षी वरच्या वर्गाला हवेचा धडा शिकवायच्या आदल्या दिवशी ते स्वयंपाकघरातून ती काचेची बरणी पळवायचे, पेटत्या पणतीवर पालथी घालायचे आणि मला समोर बसवून तालीम करायचे. ज्योत आधी लहान व्हायची, मग वातीपासून सुटून जराशी वर उचलल्यासारखी दिसायची आणि न फडफडता निघून जायची. "कशानं विझला?" अण्णा विचारायचे. "आतली हवा संपली म्हणून," मी म्हणायची. आई चुलीपुढून म्हणायची, "काजळी धरली तर बरणी तुम्ही घासायची." हे सगळं मला तोंडपाठ होतं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे घडलं त्यात मला काही ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला राहणार नाही.

दगडांच्या वेडाचं असं, की कुठे जुनी मूर्ती, पडकी बारव, कोरीव खांब असल्याचं कानावर आलं की अण्णांना घरात राहवत नसे. आसेगावच्या पुढे एका लहानशा गावात त्यांचा जुना विद्यार्थी राहत असे, देवराव नावाचा. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तो भेटायला आला आणि सहज बोलून गेला, "गुरुजी, आमच्या टेकडीत लेणं हाये. त्याच्या पोटात आमचं पेव हाये, आन् पेवातल्या भिंतीवर अक्षरं हायेत म्हणते आमची माय." आमच्या मुलखात तेव्हा ज्वारी साठवायला जमिनीच्या पोटात खोल पेवं असत, वरून तोंड बंद केलेली. पण भिक्षूंच्या जुन्या विहाराच्या पोटात पेव, आणि त्यात अक्षरं, हे ऐकल्यावर अण्णांनी हातातला चहा तसाच ठेवला. आई तेव्हा बाळंतीण होती. मी घरात राहून तिला त्रास देण्यापेक्षा अण्णांबरोबर गेलेली बरी, असं ठरलं. मी अकरा-बारा वर्षांची असेन.

बैलगाडीनं पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. गावात शिरायच्या आधीच एक आवाज ऐकू आला, टँव् टँव् टँव्, मधेच थांबायचा, खोकल्याची उबळ यायची, पुन्हा टँव् टँव्. देवरावच्या अंगणात लिंबाखाली करीमचाचा पिंजारी बसला होता. थंडीच्या तोंडाशी तो गावोगाव फिरून गाद्या-रजया पिंजून द्यायचा, आणि देवरावच्या घरी त्याचा आठवडाभर मुक्काम असे. त्याच्या भुवया, दाढी, खांदे सगळं कापसानं पांढरं झालेलं. घराची सत्ता देवरावच्या आईकडे, पार्वतामायकडे होती. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, शेत तिनंच राखलेलं. उंच, हडकुळी, आवाज कधी न चढवणारी बाई. तिनं मला जवळ घेतलं नाही की गालाला हात लावला नाही. नुसतं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सुनेला म्हणाली, "शेवंते, पोरीले पाय धुवाले पानी दे." मग अण्णांना जरा अडखळत विचारलं, "मास्तर, तुमी आमच्या हातचं खाता ना? नाई तं शिधा काढून ठेवला हाये." अण्णांना असे प्रश्न फार आवडायचे, कारण त्यांची उत्तरं देता येत. जातपात, सोवळंओवळं, मुहूर्त, नजर लागणं, या सगळ्यांशी त्यांचं उभं वैर. ते तडक चुलीसमोर जाऊन बसले.

त्या घरातलं जेवण अजून जिभेवर आहे. शेवंतानं कढी-गोळे केले होते, जवसाची चटणी आणि भाकरी. ती माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठी असेल, पण हात असे चालायचे की परातीतला थाप थाप आवाज आणि अंगणातला टँव् टँव् एकाच तालात आहेत असं वाटे. भाकरीला एक वेगळाच आंबूस वास होता. मी नाक मुरडलं तेव्हा शेवंता हसली. "पेवातल्या ज्वारीचा वास हाये थो. दोन दिवसांत तुले बिनवासाची भाकर गोड नाई लागन." ते खरं झालं. आणि तिसऱ्या दिवसानंतर त्या वासाची भाकरी मी जन्मात पुन्हा खाऊ शकले नाही, तेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेण्यात गेलो. दोन शेतं ओलांडली की टेकडी, कपाशीतून पायवाट. पुढे चार खांबांचा ओटा, त्यातला एक खांब मोडलेला. आत ठेंगणं दालन आणि दोन्ही बाजूंना भिक्षूंच्या खोल्या, प्रत्येकीत निजायला दगडाचाच बाक. अण्णा बाकावर आडवे होऊन दाखवू लागले, भिक्षू पावसाळ्यात इथे कसे राहत, भिक्षेला कसे जात. समोरच्या भिंतीत बसलेली एक मूर्ती होती, शेंदरानं नाकडोळे बुजलेली. गावात तिला ध्यानबुवा म्हणत. अगदी शेवटच्या खोलीत जमिनीला चौकोनी तोंड आणि त्यावर शिळा, कडा शेणमातीनं लिंपलेल्या. खाली कोरडं तळघर. दगडात ओल येत नाही म्हणून देवरावच्या आजोबापणजोबांपासून त्यात ज्वारी भरत आलेले. गेल्या माघात निम्मीअधिक ज्वारी काढून पुन्हा तोंड बंद केलं होतं, त्यामुळे भिंती आता उघड्या असणार. देवरावनं पहारीनं शिळा सरकवली. आतून तोच भाकरीचा वास आला, पण शंभरपट.

अण्णांनी धोतर खोचलं आणि पार्वतामायनं हात आडवा केला. "आज नाई. दिवा सोडला पाह्यजे."

मग दिवा सोडायचा सोहळा झाला. पार्वतामायनं तोंडाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, एका इवल्याशा शिंक्यात पणती ठेवली आणि दोरीनं आत सोडू लागली. दोरीला हात-हात अंतरावर गाठी होत्या. ती एकेक गाठ बोटांतून सोडत होती आणि शेवंता पुटपुटत मोजत होती. एका गाठीलाच दिवा गेला. "पेवानं अजून श्वास नाई घेतला," पार्वतामाय म्हणाली आणि शिळा तशीच उघडी ठेवून सगळे घरी परतले. अण्णांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पेव श्वास घेतं, हे ऐकून त्यांच्या कपाळावरची शीर उठली.

आज मला त्या दोरीचं आश्चर्य वाटतं. कुठल्या हातावर हवा आहे आणि कुठल्या हातावर नाही, हे अचूक सांगणारी दोरी. अण्णांच्या शाळेत असं साधन नव्हतं. पण अण्णांना गाठी दिसल्याच नाहीत. त्यांना कुंकू दिसलं.

तिसऱ्या दिवशी देवराव आणि गावातली बहुतेक माणसं पहाटेच शेलूबाजारला बाजाराला गेली. तो परतला की दुसऱ्या सकाळी आमची गाडी निघायची होती, कारण शाळा उघडत होती. सकाळी दिवा पुन्हा सोडला. दोन गाठींना गेला.

"पार्वतामाय, मला उद्या निघायलाच हवं," अण्णा म्हणाले.

"थांबा ना एक दिवस. काहून घाई करता?"

"शाळा उघडते."

"शाळा तुमच्या मनानं उघडते. पेव त्याच्या मनानं उघडते."

"अहो, दिवा वाऱ्यानंही विझतो."

"वारा कुठून येईन आतमंदी?" असं म्हणून शिंकं, पणती आणि दोरी तिथल्याच कोनाड्यात ठेवून ती घरी कामाला लागली. तिच्या लेखी विषय संपला होता.

अण्णांचा संपला नव्हता. जेवणं झाल्यावर ते म्हणाले, "चल वच्छे, खांबांचं चित्र काढू." वाटेत मला समजावत होते, की वटवाघळं उडतात, त्यांच्या पंखांचा वारा लागतो, ते या लोकांनी लक्षातच घेतलं नाही. मी मान डोलावली. बापाच्या अकलेला आपली अक्कल जोडलेली आहे, या कल्पनेनं मी मोठ्या ऐटीत चालत होते. वर पोचल्यावर त्यांनी चित्राचं नावही काढलं नाही. "आपण आपलं शास्त्रशुद्ध करू," म्हणाले. "तू दिवा सोडून बघ. मी कागद कापून घेतो." अक्षरांचा ठसा घ्यायला आणलेले पातळ कागद घेऊन ते उजेडाला, बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. म्हणजे अण्णा अगदीच वेड्यासारखे वागले नाहीत. दिवा त्यांनी सोडायला लावला. फक्त तो मला सोडायला लावला.

मी पणती पेटवली, शिंक्यात ठेवली आणि पालथी पडून हात आत घातला. एक गाठ. दोन गाठी. दोरी सरळ, ओळंब्यासारखी. माझ्या बटासुद्धा हलत नव्हत्या. तिसऱ्या गाठीला ज्योत लहान झाली, वातीपासून सुटून जराशी वर उचलली आणि न फडफडता गेली.

हे मी बरणीत पाहिलेलं होतं. डोळ्यांनी लगेच ओळखलं.

"काय गं, आहे का?" बाहेरून अण्णांचा आवाज आला. त्या आवाजात इतकी आशा होती. उद्या परत जाताना गाडीत त्यांचं तोंड उतरलेलं मला दिसलं, आणि त्यांना हवं ते उत्तर माझ्या जिभेवर आयतं होतं. सकाळपासून त्यांनीच ठेवलेलं.

"वाऱ्यानं विझला, अण्णा," मी म्हणाले.

"बघ. मी म्हणत होतो."

ते आले, माझ्या डोक्यावर टप्पल मारली, मेणबत्ती आणि आगपेटी खिशात टाकली आणि भिंतीला टेकवलेली शिडी आत सोडून तिच्यावरून उतरू लागले. त्यांची टोपी पेवाच्या तोंडाखाली गेली. शिडी करकरली. मग आगपेटीवर काडी ओढल्याचा आवाज आला, आणि उजेड आला नाही.

"काड्या सर्दावल्यात वाटतं," ते म्हणाले.

दुसरी काडी ओढली. क्षणभर त्यांची बोटं लाल दिसली आणि पुन्हा अंधार. तिसरी ओढली. मग म्हणाले, "वच्छे, जरा", आणि तिथेच थांबले. आगपेटी खाली ज्वारीत पडली. पडल्याचा आवाज अगदी मऊ होता.

मी आत वाकून पाहिलं. ते वर येऊ पाहत असावेत, कारण डावा हात पायरीतून कोपरापर्यंत आत गेलेला होता आणि त्यावर अंग टेकलेलं. डोकं शिडीला लावून ते काहीतरी ऐकताहेत असं वाटत होतं. माझ्या हातापासून त्यांचे केस दोन हात खाली होते. मी हाका मारल्या. एक पाय शिडीवर ठेवला, तो वास नाकातोंडात गेला, डोकं गरगरलं आणि मी पाय काढून घेतला. मी घाबरले होते. त्याला दुसरा शब्द नाही. बाप समोर लटकत असताना मी पाय काढून घेतला आणि पळत सुटले.

कपाशीतून पळताना मला वाट दिसत नव्हती, नुसता तो टँव् टँव् ऐकू येत होता, आणि त्या आवाजाच्या रोखानं मी धावत होते. करीमचाचानं मला पाहिलं आणि हातातलं पिंजण टाकलं. "साँस घे बेटा पयले. काय झालं?"

"अण्णा पेवात," मी म्हणाले.

पुढचं कोणी विचारलं नाही. पार्वतामायनं मोटेचा दोर खांद्यावर घेतला, शेवंतानं पिठाचे हात तसेच ठेवून घागर उचलली, करीमचाचानं अर्धवट भरलेली रजई काखेत मारली. गावात धडधाकट पुरुष उरला नव्हता. चाचाचा दम तर कापसानं कधीच खाल्ला होता. वर पोचेपर्यंत तो वाकून खोकत होता.

शेवंतानं आत पाहिलं आणि सासूला म्हणाली, "हात पुरते मामी. वरतंच हायेत. दोन पायऱ्या उतरली का झालं." तिनं पदर खोचला आणि शिडीवर पाऊल टाकलं.

पार्वतामाय माझ्याकडे वळली. "दिवा सोडला होता?"

"हो."

"विझला का जळत राह्यला?"

 विझला म्हणाले तर बापाला मी मारलं, हे इथेच सगळ्यांना कळणार. जळत राहिला म्हणाले तर शेवंता आत्ता उतरेल आणि अण्णा वर येतील, असं एक क्षण मला खरंच वाटलं. आज ऐंशी ओलांडल्यावरही तो क्षण मला कमी करता येत नाही. शेवंताचं दुसरं पाऊल आत गेलं होतं. तिच्या पायातली जोडवी मला दिसत होती.

"पोरी, खरं सांग. मास्तर आत हायेत, आन् आता माही सून उतरून राह्यली."

"विझला," मी म्हणाले. "तिसऱ्या गाठीला. वारा नव्हता. मी खोटं सांगितलं."

पार्वतामायनं शेवंताचा दंड धरून तिला असं बाहेर ओढलं की ती भिंतीवर आदळली. मला कोणी काही बोललं नाही. वेळच नव्हता. आतली कोंडलेली हवा हलून वर निघावी म्हणून चाचानं रजईला दोर बांधला आणि अण्णांच्या बाजूनं आत सोडून वर ओढली, पुन्हा सोडली, पुन्हा ओढली, मोट चालवावी तशी. पार्वतामाय ओट्याखाली कोरलेल्या पाण्याच्या टाक्यातून घागर भरून आणायची आणि पाणी जोरानं पेवातल्या समोरच्या भिंतीवर आपटायची. ज्वारी भिजत होती, वर्षाचं धान्य, तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. चाचा खोकून खोकून बसला तेव्हा दोराला मी आणि शेवंता लागलो. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. अण्णांच्या केसांवर पाणी उडत होतं आणि ते हलत नव्हते. शेवंता दोनदा म्हणाली, "मामी, जातो मी." पार्वतामाय दोन्ही वेळा म्हणाली, "दिवा."

तिनं चाचाची आगपेटी माझ्या हातात देऊन तिथेच पणती पेटवून घेतली. चार काड्या फुकट गेल्या. शिंकं आत गेलं. एक गाठ. दोन. तिसरीला ज्योत लहान झाली आणि पुन्हा मोठी झाली. चौथीलाही राहिली.

"जाय," पार्वतामाय म्हणाली.

कंबरेला दोर बांधून, पदर दातांत धरून शेवंता उतरली. पायरीत अडकलेला अण्णांचा हात सुटेना. ती एकदा श्वास घ्यायला वर आली, तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. पुन्हा उतरली. दोराचं दुसरं टोक त्यांच्या काखेतून घातलं आणि आम्ही तिघांनी ओढलं. माझ्या तळहातांची सालं निघाली ती मला रात्री कळली. अण्णा बाहेर आले तेव्हा ओठ जांभळे होते. पार्वतामायनं त्यांना कुशीवर वळवलं, पाठीवर दणके घातले, नाव घेऊन हाका मारल्या नाहीत की रडली नाही. मग त्यांच्या घशातून लाकूड चिरल्यासारखा एक आवाज आला. तो श्वास होता. करीमचाचा ध्यानबुवाच्या पायाशी बसून ढसाढसा रडला.

आम्ही आणखी चार दिवस राहिलो. अण्णांचं डोकं ठणकायचं आणि ते बोलायचे कमी. शाळा त्यांच्याशिवाय उघडली. एका सकाळी पार्वतामाय त्यांना ताक देताना आपणहून म्हणाली, "मास्तर, मले बी ठाऊक हाये, कुंकवानं काई होत नाई. पण नुसता दिवा सोडजा म्हटलं का दोन वर्सांत पोट्टे इसरतात. पूजा म्हटली का कोणी चुकवत नाई. माह्या सासऱ्याचा भाऊ गेला होता पेवात." अण्णा मान खाली घालून ताक प्याले.  निघताना मी शेवंताच्या पाया पडायला गेले तर ती मागे सरली. "खरं बोल्ली तू," म्हणाली. "नाई तं मी बी तिथंच राह्यली असती." हे तिनं कौतुकानं म्हटलं. मला ते कौतुक अजून बोचतं.

परतताना गाडीत अण्णा गवतावर आडवे होते. मी त्यांच्या पायाशी. आसेगाव मागे पडलं. मग त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "वारा होता का गं?"

"नव्हता."

"दिवा कसा गेला?"

"बरणीतल्यासारखा."

 मग ते म्हणाले, "पहिली काडी विझली तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी दुसरी ओढली. तिसरी ओढली. तू सांगितलंस म्हणून मी उतरलो असं नाही, वच्छे. मला उतरायचंच होतं." ते खरं होतं, की माझ्यासाठी तिथेच रचलेलं होतं, हे मला आजही कळलेलं नाही. मी रडत होते आणि त्यांनी मला रडू दिलं. भिंतीवर अक्षरं होती की नाही, ते त्यांना दिसलंच नव्हतं. पुन्हा त्या गावाला जायचं त्यांनी नावही काढलं नाही. दर दिवाळीला मात्र पार्वतामायकडे एक लुगडं जायचं आणि शेवंताकडे एक.

आणि घरात एक रीत सुरू झाली. संध्याकाळचा दिवा कधी मधेच गेला, की आतल्या खोलीतून अण्णा विचारायचे, "वच्छे, कशानं विझला?" पूर्वी मी बसल्या जागेवरून काहीही ठोकून द्यायची. आता उठायची. दिव्यापाशी जायची, वात चाचपायची, तेल बघायची, खिडकीशी हात धरायची, आणि मगच सांगायची. तेल संपलं, अण्णा. वात जळाली, अण्णा. माझं लग्न होऊन मी सासरी जाईपर्यंत हे चाललं. कधी कधी खरंच वाऱ्यानं विझलेला असायचा. तेव्हा मी दिव्यापाशी जरा जास्त वेळ उभी राहायची, पुन्हा एकदा खिडकीशी हात धरून बघायची, आणि अण्णा आतून एकदाही घाई करायचे नाहीत.